अँटवर्पमार्गे

मस्कतला मी गेले नवऱ्याच्या नोकरीमुळे, आणि कागदाच्या धंद्यात शिरले ते घरात बसवेना म्हणून. दोन हजार दहा नुकतंच मागे पडलं होतं. नवरा एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन, मुलगी इंडियन स्कूलमध्ये दुसरीत, आणि अझैबाला आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर. चिपळूणला असताना मी एका छापखान्याचं ऑफिस सांभाळलं होतं. तेवढ्या शिदोरीवर रुवीतल्या एका पेपर ट्रेडिंग कंपनीत मला परचेसमध्ये घेतलं.

कंपनी लहानच होती. मालक, म्हणजे आमचे अर्बाब, आठवड्यातून एखादवेळी यायचे, कावा, म्हणजे तिथली बिनदुधाची कॉफी, प्यायचे, सगळ्यांची विचारपूस करायचे आणि जायचे. धंदा चालवायचे ते मॅनेजर. मूळचे कच्छमधल्या मांडवीचे, पण उभी हयात मस्कतमध्ये गेलेली. त्यांना सगळे भाई म्हणत, अर्बाबसुद्धा. भाई मला बेन म्हणायचे. आमचं बोलणं हिंदीत व्हायचं. त्यांच्या हिंदीत गुजराती, माझ्या हिंदीत मराठी, आणि दोघांच्याही हिंदीत खलास आणि इन्शाल्ला.

आमचा मुख्य माल म्हणजे बोर्ड. मिठाईचा, खजुराचा, अत्तराचा खोका ज्या जाड, एका बाजूने गुळगुळीत पांढऱ्या कागदाचा करतात, तो. तो तयार व्हायचा फिनलंडमध्ये. तिथून जहाजाने बेल्जियमला, अँटवर्पला जायचा. तिथले एक व्यापारी त्याचे अजस्र रोल विकत घेऊन, आपल्या गोदामात हव्या त्या मापाचे ताव कापून, गठ्ठे बांधून पुढे पाठवायचे. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे आमच्यासारखे लोक, ज्यांना एकाच मापाचा डोंगरभर माल नको असतो, पाच मापांचा थोडा थोडा हवा असतो. फिनलंडची मिल असल्या किरकोळ गिऱ्हाइकाला दारात उभं करत नसे. तेव्हा ओमानी हलवा ज्या खोक्यात भरला जाई त्याचा कागद आधी निम्मा युरोप फिरून यायचा. मला त्याची गंमत वाटायची. मुलीला मी नकाशावर बोटाने तो रस्ता दाखवला होता.

या अँटवर्पच्या साहेबांशी माझं आठवड्यातून एकदा तरी फोनवर बोलणं व्हायचं. ईमेलवर त्यांचा विश्वास नव्हता. हवापाणी, तब्येत असलं काही ते विचारायचे नाहीत. फोन उचलला की एकदम, “त्या झाकणाची उंची किती आहे?” असं सुरू. पहिले काही महिने मला ते तुसडे वाटले. मग माझे वडील गेले.

वडील चिपळूणला अचानक गेले तेव्हा माझा एक कंटेनर निघायच्या बेतात होता, आणि त्यातल्या दोन मापांची मीच अदलाबदल करून ठेवली होती. हे मला विमानतळावर, बोर्डिंगच्या रांगेत आठवलं. तिथूनच त्यांना फोन केला. काय बोलले ते मला धड आठवत नाही, रडतच असणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुम्ही जा. मापं मी बघतो.” तेरावा आटपून परत आले तर माल बरोबर आला होता, कागदपत्रं बरोबर होती, आणि भाईंना काही घडलंय याचा पत्ताही नव्हता. पुढच्या फोनवर मी आभार मानायला लागले तेव्हा ते म्हणाले की नव्या खोक्याच्या तळाबद्दल त्यांना एक शंका आहे. त्या दिवसापासून ते मला तुसडे वाटले नाहीत.

भाईंची आणि त्यांची दोस्ती माझ्याही फार आधीची. भाई पिकअपमध्ये कागद घालून छापखान्या-छापखान्यांतून हिंडत होते आणि साहेबांनी नुकतंच वडिलांचं गोदाम हाती घेतलं होतं, तेव्हापासूनची. ओमानमधल्या कोण कुठल्या माणसाला नुसत्या शब्दावर कंटेनर पाठवणारा तो पहिला, असं भाई सांगायचे. साहेबांच्या मुलीच्या लग्नाला भाई बंदगळा घालून अँटवर्पला गेले होते. पक्के शाकाहारी. दोन दिवस पाव आणि चेरी खाऊन काढले, आणि तरी अशी मजा पुन्हा आली नाही म्हणायचे.

मग तेलाचे भाव पडले. मस्कतमध्ये तेलाचे भाव पडले की आधी सरकारी कामं थांबतात, मग बांधकामं, मग दुकानं, आणि शेवटी मिठाईच्या खोक्यापर्यंत ते येऊन पोचतं. त्याच सुमाराला अर्बाबांचा मुलगा इंग्लंडहून शिकून आला आणि रोज ऑफिसात बसायला लागला. मुलगा चांगला होता. नम्र, सगळ्यांना उठून सलाम करणारा. त्याने एके दिवशी आम्हाला बसवून विचारलं की फिनलंडचा माल ओमानला यायचा तर तो बेल्जियमला का जातो?

आजवर हे कोणी विचारलंच नव्हतं. मी त्याला रोल, ताव, मापं सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला की मिलने आता दुबईला, जबल अलीमध्ये, स्वतःची कापणी सुरू केली आहे. लहान गिऱ्हाईकही ते घेतात. त्याने फोन करून विचारलं होतं. समुद्र दोनदा ओलांडायच्या ऐवजी एकदाच, आणि दुबईहून माल ट्रकने घरी येईल. यात चूक काढण्यासारखं काहीच नव्हतं. खरं सांगायचं तर मला तो प्रश्न आवडला होता, आणि आपल्याला का सुचला नाही याची थोडी लाजही वाटली.

भाई त्या बैठकीत फारसं बोलले नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाले की अँटवर्पशी ते स्वतः बोलतील, मी त्यात पडू नये. ते मला बरोबरच वाटलं. दोस्त त्यांचा होता. काही दिवसांनी त्यांच्या केबिनमध्ये गेले असताना मी विषय काढला. ते टेबलाच्या खणात काहीतरी शोधत होते.

“बात हो गयी है, बेन,” ते म्हणाले.

“क्या बोले वो?”

“क्या बोलेंगे? समझदार आदमी हैं.”

ते खणातून वर बघेनात. मी बाहेर आले. मला इतकं हायसं वाटलं होतं की आणखी काही विचारावं असं मनातच आलं नाही. साहेबांना आपण एक फोन करावा, दोन शब्द बोलावेत, असं पुढच्या काही आठवड्यांत दोन-तीनदा वाटलं. पण बोलणार काय? वाईट वाटलं म्हणणार? त्यांना तसलं बोलणं आवडायचं नाही. शिवाय त्यांचाही फोन येईनासा झाला होता. मला वाटलं, कळलंय म्हणूनच येत नाही. ओमानात मंदी आहे, सध्या माल नको, एवढंच भाईंनी त्यांना कळवून ठेवलं होतं. पण हे मला नंतर समजलं.

जबल अलीचा पहिला माल आला तो उत्तम होता. त्यात काही खोट निघाली असती तर बरं झालं असतं असं मला पुढे कितीदा वाटलं. पण एक ताव वाकडा निघाला नाही.

आणि मग हिवाळ्यात अँटवर्पहून चक्क मेल आला की साहेब फेब्रुवारीत मस्कतला येताहेत, सोबत पत्नीला घेऊन. भाईंनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. बाई नवऱ्याच्या धंद्याच्या प्रवासात कधीच आल्या नव्हत्या. तुझा कागद जग बघतो आणि मी सुट्टीत शेजारचा फ्रान्स बघते, असं त्या म्हणायच्या. आता त्यांना दाखवायचं होतं की हा कागद जातो तरी कुठे. वाचून झाल्यावर भाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, अच्छा है, आने दो.

मला साहेबांचं फार कौतुक वाटलं. इतक्या वर्षांचा धंदा आपण त्यांच्या हातून काढून घेतला, तरी माणूस दोस्तीखातर बायकोला घेऊन येतोय. नवऱ्याजवळ मी हे बोलले. तो म्हणाला, युरोपातले लोक धंदा वेगळा ठेवतात आणि मैत्री वेगळी. आम्हा दोघांनाही हे वाक्य पसंत पडलं.

भाईंनी सगळी व्यवस्था केली. हॉटेल समुद्राच्या बाजूचं, खोलीत फुलं, विमानतळावर स्वतः घ्यायला गेले. दोघे मित्र एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर आले म्हणे. आणि दुसऱ्याच दिवशी भाईंना सलालाहला, देशाच्या पार दक्षिण टोकाला, जाणं भाग पडलं. पाहुण्यांना बातिनाच्या किनाऱ्याच्या बाजूला मी फिरवून आणावं, खाबुऱ्याला आपला एक खोकेवाला आहे त्याची कार्यशाळा दाखवावी, एवढं सांगून ते गेले. शुक्रवारी संध्याकाळी परत येतील आणि त्या दिवशी जेवण त्यांच्या घरी. भाईंना सलालाहला एवढं काय काम निघालं, हेही मी विचारलं नाही.

मला ओमानचं लायसन्स तिसऱ्या खेपेला मिळालं होतं, त्यामुळे गाडी मी जपून चालवायचे. साहेब पुढे बसले. प्रत्यक्षात ते फोनवरच्यापेक्षा म्हातारे होते. उंच, किंचित वाकलेले, एक गुडघा अधू, डोक्यावर चौकड्यांची टोपी. बाई मागे. गोल, लालबुंद गालांच्या, गळ्यात कॅमेरा. त्यांचं इंग्रजी मोडकं होतं, पण त्याची त्यांना काही फिकीर नव्हती.

रुस्ताकच्या बाजारात आम्ही तिथल्या किल्ल्यापेक्षा जास्त वेळ काढला. बाईंना खजूर नको होते, लोबान नको होता. त्यांना खोके हवे होते. प्रत्येक दुकानात त्या एक खोका उचलायच्या, उलटा करायच्या आणि नवऱ्यासमोर धरायच्या. हा तुझा? साहेब खोक्याच्या कडेचा एक धागाभर तुकडा नखाने सोलायचे, आतला थर बघायचे, आणि हो किंवा नाही म्हणायचे. हो म्हटलं की बाई तो खोका विकत घ्यायच्या. दुकानदार म्हणायचा, आत हलवा तरी भरून घ्या. एकाने तर रिकाम्या खोक्याचे पैसे घ्यायलाच नकार दिला. गाडीत बाईंच्या मांडीवर खोक्यांची उतरंड झाली होती आणि साहेब ओशाळे होऊन खिडकीबाहेर बघत होते. पण खूश होते. मी त्यांना एवढं खूश असलेलं कधी ऐकलंसुद्धा नव्हतं.

ते बघून मला राहवलं नाही. खाबुऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर मी म्हटलं, “इतकं सगळं होऊनही तुम्ही आलात, मला फार बरं वाटलं.”

“काय होऊनही?” ते म्हणाले. “माझा गुडघा?”

मागून बाई हसल्या. मीही हसले. मला वाटलं, बायकोसमोर त्यांना तो विषय नको आहे, आणि किती सहज त्यांनी तो टाळला. त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे हसणं. गोष्ट समोर आली होती, अगदी शब्दांत आली होती, आणि मी तिला माझ्या सोयीचा अर्थ लावून पुढे गाडी चालवत राहिले.

खाबुऱ्याचा खोकेवाला दापोलीकडचा. तरुणपणी शिंपीकाम करायला आलेला, मग कापडाऐवजी कागद कापायला लागला. मी चिपळूणची म्हटल्यावर पहिल्या भेटीतच त्याने मला बाय म्हणायला सुरुवात केली होती, आणि मी त्याला चाचा. त्याने पाहुण्यांसाठी हलवा, कावा, सोललेली संत्री मांडून ठेवली होती. पाहुणे युरोपचे, कंपनीचे जुने मित्र, एवढंच मी त्याला फोनवर सांगितलं होतं. एका लांब पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं सगळं काम. पुढे खोके दुमडणारी माणसं, मध्ये बोर्डातून खोक्याचा आकार ठोकून काढणारं यंत्र, मागे भिंतीला लागून कोऱ्या बोर्डाच्या थप्प्या. रमजानच्या खोक्यांची घाई आतापासूनच सुरू होती. साहेब यंत्रापाशी रमले. बाई खोके दुमडणाऱ्यांच्या शेजारी बसून एक खोका दुमडायला शिकल्या आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

चाचा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. “बाय, ह्या टायमाचा माल झ्याक हाय,” तो म्हणाला. “दुबयवरनं सरळ आला. आता त्या बेल्जमवाल्याची वाट बगायला नको.”

साहेब तेव्हा मागच्या थप्प्यांपाशी पोचले होते. त्यांना मराठी कळायचा प्रश्नच नव्हता. पण थप्पीच्या बाजूला लेबल होतं. इतकी वर्षं तिथे त्यांचं निळं लेबल असायचं. आता पांढरं होतं, मिलचं, आणि खाली आमच्या कंपनीचं नाव. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि वाकून वाचलं. चार ओळींचं लेबल वाचायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ ते वाकून राहिले. मग शेजारच्या थप्पीचं वाचलं. मग तिच्या पलीकडच्या थप्पीचं.

ते वळले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. आपण बरोबर पत्त्यावर आलोय ना, हे खात्री करून घ्यायला एखाद्याकडे बघावं, तसं. त्या क्षणी मला कळलं की भाईंचं त्यांच्याशी कसलंही बोलणं कधी झालेलं नव्हतं.

मी काही बोलणार तेवढ्यात बाई तिथे आल्या. आपला दुमडलेला खोका हातात. त्यांनी थप्पीवर तळवा ठेवला आणि आपल्या भाषेत काहीतरी विचारलं. मला ती भाषा येत नव्हती, पण प्रश्न सकाळपासून दुकानादुकानात ऐकला होता.

“या,” साहेब म्हणाले. त्यांच्या भाषेत ते हो.

बाईंना आनंद झाला. त्यांनी नवऱ्याला थप्पीजवळ उभं केलं. साहेबांनी टोपी काढली, केस सारखे केले, एक हात थप्पीवर ठेवला. बाईंनी फोटो काढला. डोळे मिटले म्हणून पुन्हा एक काढला. चाचाला वाटलं पाहुण्यांना माल पसंत पडला, आणि तोही येऊन शेजारी उभा राहिला.

परतीच्या वाटेवर बाई मागे झोपून गेल्या. साहेब पुढेच होते. त्यांनी रस्त्याकडेच्या झाडांकडे बोट दाखवून विचारलं की ही लिंबाची का. मी हो म्हटलं. या लिंबांना पाणी कुठून देतात, हे त्यांनी विचारलं. जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. बरका मागे पडलं, सीब आलं, आणि मी मनात एकच वाक्य जुळवत होते: तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही हे मला माहीत नव्हतं. पण ते पाठीमागे झोपलेल्या बाईंच्या देखत कसं म्हणणार?

शुक्रवारी दुपारी दोघांना मी आमच्याकडे जेवायला बोलावलेलं होतं. मला वाटलं येणार नाहीत. आले. बाईंनी माझ्या मुलीसाठी चॉकलेटं आणली होती. वरण-भात, बटाट्याची भाजी, सुरमई, सोलकढी. सोलकढीचा रंग बघून बाईंनी आधी तिचा फोटो काढला. मुलगी त्यांच्याशी इंग्रजीत भराभर बोलत होती आणि माझ्याकडे वळली की अडखळत मराठीत. साहेबांनी वाढलेलं सगळं संपवलं. जेवणानंतर मुलीने बाईंना समुद्र दाखवायचं ठरवलं. कोळ्यांच्या होड्या तिथून जवळच लागतात. माझा नवरा दोघींना घेऊन गेला. साहेबांचा गुडघा दुखत होता म्हणून ते थांबले.

मी चहा केला. त्यांनी कप हातात घेतला आणि एकदम मुद्द्यावर आले, फोनवर यायचे तसे.

“तुम्ही मला येऊ द्यायला नको होतं. मी एकटा आलो असतो तर गोष्ट वेगळी. तिला आणू द्यायला नको होतं.”

मी माफी मागून गप्प राहिले असते तर तिथेच संपलं असतं. त्यांनी मला मनातल्या मनात दोष दिला असता, आणि तो मला झेपला असता. अँटवर्प कुठे आणि अझैबा कुठे. पण कालपासून ते वाक्य माझ्या जिभेवर बसलेलं होतं. माझ्याबद्दल या माणसाचं मत वाईट होऊ नये, एवढंच मला त्या वेळी हवं होतं. वडील गेले तेव्हा मापं सांभाळणारा माणूस तो.

“मला वाटलं तुम्हाला माहीत आहे,” मी म्हटलं. “भाईंनी मला सांगितलं होतं की तुमच्याशी बोलणं झालंय.”

“झालंय म्हणाला?”

“हो.”

“त्याने स्वतः?”

मी मान हलवली. त्यांनी कप खाली ठेवला. चेहरा फारसा बदलला नाही, फक्त ते खुर्चीत मागे टेकले आणि थकल्यासारखे दिसले.

“मला वाटत होतं त्याच्यापासूनही लपवलंय,” ते म्हणाले.

ते काय म्हणाले हे समजायला मला थोडा वेळ लागला. कालपासून त्यांनी मनाशी अशी जुळणी केली होती की हे त्या तरुण मालकाचं काम, ऑफिसातल्या लोकांचं, माझं. आपल्या मित्राला बाजूला सारून, त्याला कळू न देता केलेलं. संध्याकाळी भाईंच्या घरी जेवायला जाताना ते भाईंनाच धीर द्यायच्या तयारीत होते. धंदा गेला ते त्यांना खाबुऱ्यात कळलं होतं. मित्र गेला तो माझ्या घरात, माझ्या तोंडून. आणि ते सांगायची काहीही गरज नव्हती.

मी सावरायचा प्रयत्न केला. भाईंना बोलायचं धाडस झालं नसेल, त्यांना लाज वाटली असेल, असं काहीतरी म्हणू लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मग विचारलं की चहात काय घातलंय. मी म्हटलं, गवती चहा. तेवढ्यात दारात मुलीचा आवाज आला. फ्रॉकच्या ओच्यात शिंपले, आणि आई, आंटीने पाण्यात… पाय घातला, आणि तिचे शूज ओले झाले, असं ती एकेक शब्द शोधत सांगत होती. बाई हसत होत्या. साहेब उठले, आणि बायकोच्या ओल्या बुटांकडे बघून तेही हसले.

भाईंकडे ते गेले नाहीत. हॉटेलमधून त्यांनी निरोप दिला की पत्नीला बरं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने दोघे गेले. विमानतळावर भाई पोचेपर्यंत ते आत निघून गेले होते.

रविवारी भाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. मी काही बोलले का, एवढंच त्यांनी विचारलं. मी जे झालं ते सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील, मग मलाही चिडता येईल, खोटं तुम्ही बोललात म्हणता येईल. ते चिडले नाहीत.

“मैं बोलने वाला था,” ते म्हणाले. “खाने के बाद, सामने बिठा के. चालीस साल की बात फोन पे होती है क्या?”

मी बाहेर आले. त्या दिवसापासून ते मला बेन म्हणेनासे झाले. मॅडम म्हणायचे. कामात काही फरक पडला नाही, उलट वर्षअखेरीला माझा हुद्दा वाढला, आणि तो वाढवायची शिफारस भाईंनीच केली होती.

ते खरंच बोलणार होते का, हे मला आजही ठरवता येत नाही. कधी वाटतं, ज्याने चार महिने टाळलं त्याने त्या संध्याकाळीही टाळलंच असतं, बासुंदी वाढत बसला असता. पण भाईंच्या बायकोने मला एकदा सांगितलं की त्या दिवशी ते सलालाहहून थेट सुपरमार्केटमध्ये गेले होते आणि फेब्रुवारीत, कुठल्या कुठल्या देशातून आलेल्या, चेरी घेऊन आले होते. धुऊन काचेच्या भांड्यात ठेवल्या होत्या. दोन दिवस कोणी हात लावला नाही, मग टाकल्या. ज्याला नुसतं जेवू घालायचं असतं तो एवढं करत नाही. त्यांनी आपल्या तोंडाने सांगितलं असतं, तर साहेब रागावले असते, कदाचित उठून गेले असते. पण ते दोघांमधलं भांडण झालं असतं, आणि इतक्या जुन्या दोस्तीत एक भांडण मावतं. मी मधे पडले आणि भांडायलाही काही ठेवलं नाही.

माझा नवरा म्हणायचा की तू खरं तेच बोललीस. ते मला ठाऊक आहे. ते मी खरं सांगायचं म्हणून सांगितलं नव्हतं, स्वतःला सोडवायला सांगितलं होतं. बाकीच्यांना हा फरक दिसायचा नाही.

काही वर्षांनी भाई निवृत्त होऊन मांडवीला गेले. ऑफिसात केक कापला, तरुण मालकाने त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं. अँटवर्पचं नाव कोणी काढलं नाही. ते गेल्यानंतर एका दुपारी मी साहेबांच्या घरचा नंबर शोधून फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं होतं. भाई निवृत्त झाले आहेत, हा त्यांचा गावचा नंबर, आणि त्या दिवशी ते तुम्हाला समोर बसवून सांगणार होते.

फोन बाईंनी उचलला. आवाजावरून ओळखलं नाही, पण मस्कत म्हटल्यावर इतक्या आनंदल्या की मला त्यांना थांबवता येईना. मुलगी केवढी झाली, सोलकढी कशी करतात, सगळं विचारलं. साहेबांनी गोदाम बंद केलं होतं. कापणीचं यंत्र पोलंडमध्ये कोणीतरी नेलं. आता दिवसभर घरात असतात आणि माझं डोकं खातात, म्हणाल्या. मस्कतची सहल ही त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात छान सहल होती.

“आणि तुमचे भाई?” त्यांनी विचारलं. “इतके जुने मित्र, आणि आता एक फोन नाही. मी याला म्हणते, तू तरी कर. करत नाही. पुरुष असेच.”

त्यांना काहीच माहीत नव्हतं. इतकी वर्षं साहेबांनी ते एका शब्दाने कळू दिलं नव्हतं.

“भाई गावी गेले,” मी म्हटलं. “निवृत्त झाले.”

“थांब, याला बोलावते. बागेतच आहे.”

दार उघडल्याचा आवाज आला. आता त्या हाक मारणार, ते आत येणार, बाई शेजारी उभ्या राहून ऐकणार. मी घाईघाईने म्हटलं की नको, त्यांना उगाच त्रास नको, मी फोन केला होता एवढं सांगा.

“कशासाठी केला होता म्हणून सांगू?”

“सहजच,” मी म्हटलं.

त्यांनी सांगितलं असेलच. साहेबांचा फोन काही आला नाही, आणि मीही पुन्हा केला नाही.